समता सैनिक दलाची लाठी आणि धम्मातील दण्डविचार

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर समता सैनिक दलाची पथके शिस्तीने संचलन करतात आणि तथागत व बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मानवंदना देतात. हा सोहळा पाहणाऱ्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. ज्या धम्माने दण्ड खाली ठेवण्यास सांगितले, त्या धम्माच्या अनुयायांच्या संघटनेने लाठीचे शिक्षण का द्यावे? हा प्रश्न बाहेरचे टीकाकार विचारतात, तसे आपलेही लोक विचारतात. काहींना लाठी हा जुन्या काळाचा अवशेष वाटतो. उलट काही तरुणांना ती अन्यायाची परतफेड करण्याचे साधन वाटते. आमच्या मते या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. या काठीचा इतिहास आणि पालि वाङ्मयातील दण्डविचार एकत्र ठेवून पाहिले तरच प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळू शकते. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न आम्ही केला आहे.

गावकीची काठी

दलाच्या लाठीचा विचार करण्यापूर्वी आपल्या पूर्वजांच्या हाती असलेल्या दुसऱ्या एका काठीचे स्मरण करणे अगत्याचे आहे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात येसकर महाराच्या हाती घुंगरकाठी असे. वेशीची राखण करणे, सरकारी टपाल व वसूल पोचविणे, आलेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, मयताची वार्ता परगावी नेणे, ही सारी कामे ती काठी हाती घेऊन करावी लागत. मध्यप्रांतात पहाऱ्याचे हेच काम कोतवाल या नावाने ओळखले जाई व ते बहुधा महाराकडेच असे. काठीच्या टोकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज झाला की येसकर दारी आला हे घरच्यांना कळे, आणि मग दुरूनच त्याच्या टोपल्यात भाकरीचा तुकडा पडे.

ही काठी दिसावयास अधिकाराची, पण प्रत्यक्षात ताबेदारीची होती. तिने गावाचे रक्षण करावयाचे, मात्र ती धरणाऱ्याच्या सावलीचाही गावाला विटाळ व्हावयाचा. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात बाबासाहेबांनी या विसंगतीचे मूळ शोधण्याचा प्रयत्न केला. टोळ्यांच्या युद्धांत पांगलेली, वाताहत झालेली माणसे स्थिर वस्त्यांच्या सीमेवर राखणदार म्हणून राहिली आणि पुढे बौद्ध धम्म न सोडल्यामुळे ती अस्पृश्य ठरविली गेली, असा सिद्धांत त्यांनी तेथे मांडला. हा सिद्धांत मान्य असो वा नसो, राखणदारीची काठी आणि अस्पृश्यता एकाच हाती आल्या, हे गावगाड्याचे वास्तव नाकारता येत नाही.

महार वतनाचे हे जोखड फेकून देण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. मुंबई राज्यात ही कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. घुंगरकाठी सहजासहजी सुटली नाही, हे या तीस वर्षांवरून वाचकांच्या ध्यानात येईल.

तालीम, पलटण आणि स्पर्श

राखणदारीची काठी हाती होती, तरी शस्त्रविद्येचे रीतसर शिक्षण अस्पृश्यांना सहज मिळत नव्हते. याचे एक कारण तालमीच्या स्वरूपातच आहे. तालीम म्हणजे केवळ हत्यार फिरविणे नव्हे. जोडीदाराचा हात धरावा लागतो, त्याचे मनगट वळवावे लागते. सराव संपल्यावर एकमेकांच्या खांद्यांना, पाठीला व पोटऱ्यांना तेल चोळून मालिश करावी लागते. अंगाला अंग लागल्याशिवाय तालीम होत नाही. आणि जेथे स्पर्शच वर्ज्य, तेथे एका हौद्यात उतरणे कसे शक्य होते? म्हणूनच पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांनी चालविलेल्या तालमीचे महत्त्व मोठे आहे. मातंग समाजातील या वस्तादाकडे जोतीराव फुले दांडपट्टा व नेमबाजी शिकले. सामाजिक क्रांतीच्या त्या आद्य प्रवर्तकाने शिष्य म्हणून लहुजींचा हात धरला, ही घटना आमच्या दृष्टीने दांडपट्ट्याच्या कौशल्याहून मोठी आहे.

दुसरी तालीम पलटणीची. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत महार सैनिकांनी गाजविलेला पराक्रम सर्वश्रुत आहे. पुढे १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे पुन्हा मागणी केली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. महार रेजिमेंटची स्थापना व्हावयास १ ऑक्टोबर १९४१ ही तारीख यावी लागली. पगार हा या मागण्यांचा एक भाग होता. परंतु कवायतीत सारे एका रांगेत, एका पावलावर उभे राहतात, हा अनुभव गावगाड्यात मिळणे अशक्य होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ याच लष्करी परंपरेतले होते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

नागपूर, कामठी आणि समता सैनिक दल

नागपूर परिसरात या दोन्ही परंपरांना पोषक भूमी मिळाली. शेजारचे कामठी १८२१ पासून लष्करी छावणीचे गाव होते. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे गिरण्यांच्या आश्रयाने गावकीपासून मोकळा झालेला कामगारवर्ग शहराच्या वस्त्यांत वाढला. रोजंदारीवर जगणाऱ्या या माणसाला येसकरी करावयाची नव्हती. त्याच्या मोकळ्या झालेल्या हाताला नवे काम हवे होते.

ते काम देणाऱ्यांत कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे, म्हणजेच बाबू हरदास एल. एन. (१९०४-१९३९), यांचे नाव अग्रभागी आहे. वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, १९२२ साली, त्यांनी ‘महार समाज पथक’ या नावाने तरुणांचे स्वयंसेवक दल उभे केले. सवर्णांच्या अत्याचारापासून आपल्या लोकांचे रक्षण करणे हा त्याचा हेतू होता. ‘जय भीम’ या अभिवादनाच्या प्रसाराचे श्रेयही हरदासांनाच दिले जाते. गावकीत काठीवाल्याने जोहार करावयाचा असे; आता स्वयंसेवक एकमेकांना बरोबरीने ‘जय भीम’ म्हणू लागले. काठीबरोबर अभिवादनही बदलले, हा योगायोग नव्हे.

बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली समता सैनिक दल आकारास आले ते महाडच्या संग्रामाच्या काळात. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर काय घडले ते आठवावे. देऊळ बाटविणार अशी अफवा पसरवून गुंडांच्या जमावाने हाती काठ्या घेऊन परिषदेच्या मंडपावर व विखुरलेल्या प्रतिनिधींवर हल्ला केला. परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले पुष्कळ लोक होते. प्रतिकाराची त्यांची तयारी होती. ते केवळ बाबासाहेबांच्या शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि न्यायाची दाद कायद्याने मागितली. येथे आम्हांस एक गोष्ट ठळकपणे नमूद करावीशी वाटते. ज्यांना लढता येत नव्हते अशांना आवरण्याचा प्रश्नच नव्हता. आवरले ते लढू शकणाऱ्यांना. दलाच्या शिस्तीचा पहिला धडा वार करण्याचा नव्हता, वार रोखण्याचा होता.

या धड्याची तात्त्विक मांडणी नागपुरातच झाली. १८ व १९ जुलै १९४२ रोजी येथे अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली आणि तीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या स्थापनेचा निर्णय झाला. २० जुलै रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद झाली, आणि त्याच दिवशी समता सैनिक दलाचीही परिषद भरली. दलावर अहिंसेच्या नावाने होणाऱ्या टीकेला बाबासाहेबांनी तेथे उत्तर दिले. आपण अहिंसा मानतो, परंतु अहिंसा आणि नेभळटपणा यांत भेद करतो, असे त्यांनी सांगितले. स्वतःवर लादून घेतलेला दुबळेपणा हा सद्गुण ठरत नाही. भूतमात्रांविषयी दया आणि दुष्टांचे निर्दालन ही अहिंसेची दोन अंगे त्यांनी संत तुकारामांच्या आधारे मांडली आणि शक्तीला शीलाची जोड असली पाहिजे, असा आदर्श दलासमोर ठेवला.

लाठी काय शिकविते

लाठीचे प्रत्यक्ष शिक्षण कसे असते, याचाही थोडक्यात निर्देश करू. विदर्भाच्या जंगलात मानवेल जातीचा भरीव बांबू विपुल होतो. साधारणपणे शिकणाऱ्याच्या कानापर्यंत पोचेल एवढ्या उंचीची, सरळ पेरांची काठी निवडतात. ती शेकून सरळ करतात आणि फुटू नये म्हणून तिला तेल पाजतात. शिक्षणाचा आरंभ सलामीने होतो. नंतर पवित्रे, मग काठी फिरविणे, मग वार, आणि वाराइतकाच किंवा त्याहून अधिक वेळ वार अडविण्याला दिला जातो. रांगेत फिरणाऱ्या दहा काठ्यांपैकी एकीची लय चुकली तर इजा शेजाऱ्याला होते. म्हणून आपल्या हाताइतकेच शेजाऱ्याच्या हाताचे भान ठेवावे लागते. संतापलेल्या माणसाला ही लय सांभाळता येत नाही, हे कोणीही वस्ताद सांगेल. स्मृतीचा, म्हणजे सतत जागरूकतेचा, अभ्यास धम्मात सांगितला आहे. तो आणि हा सराव एक नव्हेत. पण बेभान माणसाला दोन्हींत स्थान नाही.

पालि वाङ्मयातील दण्ड

आता धम्माच्या बाजूने पाहू. धम्मपदाचा दहावा वर्ग ‘दण्डवग्ग’ या नावाचा आहे. सर्वांना दण्डाचे भय वाटते, म्हणून आपल्यावरून दुसऱ्यास ओळखावे आणि घात करू नये, हे त्याचे प्रारंभीचे सूत्र. सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गात ‘अत्तदण्ड सुत्त’ आहे. अत्तदण्ड म्हणजे ज्याने दण्ड उचलला आहे असा. दण्ड उचलण्यातूनच भय निर्माण होते, असे भगवंत तेथे सांगतात. धर्मानंद कोसंबींनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कारणमीमांसा करताना याच सुत्ताकडे लक्ष वेधले. बाबासाहेबांनीही रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेला तंटा आणि सिद्धार्थाने युद्धास केलेला विरोध हेच परिव्रज्येचे कारण मानले. बाबासाहेबांचा सिद्धार्थ शस्त्रविद्येत निपुण आहे. तो युद्ध नाकारतो ते भयापोटी नव्हे, तर युद्धाने प्रश्न सुटत नाही या विचाराने.

मज्झिम निकायातील ‘मधुपिण्डिक सुत्त’ याहून बोलके आहे. हातातल्या काठीमुळे दण्डपाणि म्हणून ओळखला जाणारा एक शाक्य कपिलवस्तूजवळ काठीला टेकून उभा राहतो आणि भगवंतांना त्यांची शिकवण काय, असे विचारतो. ज्या योगे जगात कोणाशीही कलह होत नाही ती आपली शिकवण, असे उत्तर त्याला मिळते. तो मान हलवून, कपाळाला आठ्या घालून, काठी टेकीत निघून जातो. पुढे भिक्षूंना भगवंत स्पष्ट करतात की दण्ड व शस्त्र उचलण्याचे मूळ हातात नसून मनाच्या आसक्तीत आहे.

विनयपिटकात हाच विचार व्यवहारात उतरतो. चुल्लवग्गात कथा आहे. एक भिक्षू काठीला भिक्षापात्र अडकवून अवेळी गावाच्या वेशीवरून जात होता. लोकांना तो शस्त्रधारी चोर वाटला; त्यांनी त्याला पकडले व ओळख पटल्यावर सोडले. त्यावरून भिक्षूने काठी बाळगू नये असा नियम झाला. मात्र आजारी भिक्षूला संघाच्या संमतीने काठी बाळगण्याची मुभा मिळाली. सेखिय नियमांनुसार हाती काठी असलेल्या माणसाला धम्म सांगू नये; येथेही आजाऱ्याचा अपवाद आहे. त्याच चुल्लवग्गात स्नानाच्या वेळी झाडाला, खांबाला वा भिंतीला अंग घासणाऱ्या भिक्षूंना लोकांनी मल्लांची उपमा देऊन नावे ठेवली, अशी हकिगत येते. अंग घासण्याचे लाकडी हातासारखे साधन तेथे वर्ज्य ठरले. साध्या हाताने अंग चोळण्यास परवानगी मिळाली. या नियमांत काठीचा वा शरीराचा तिरस्कार नाही. भय आणि डामडौल टाळावा, पण गरजवंताचा आधार काढू नये, असा त्यांचा रोख दिसतो.

भिक्षूंच्या काठीची आणखी एक परंपरा उत्तरेकडील संप्रदायांत आढळते. तिला खक्खर म्हणत. तिच्या टोकाला कड्या असत. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग याने ती पाहिली होती; भिक्षाटनात गाई व कुत्री दूर ठेवण्यासाठी तिचा उपयोग होई, असे त्याने नोंदविले आहे. तिच्या नादाने भिक्षू दारी आल्याचे गृहस्थाला कळे. घुंगरकाठी आणि खक्खर यांचा ऐतिहासिक संबंध आम्ही सुचवीत नाही. परंतु दोन्ही काठ्या दारी वाजत, दोन्हींच्या मागे अन्न मागणारा मनुष्य असे. एकाला वंदन करून दान मिळे, दुसऱ्याला दुरून तुकडा फेकला जाई. आवाज सारखाच असला तरी मनुष्याची प्रतिष्ठा काठीत नसते, समाजरचनेत असते, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक वाटते. कराटेच्या वर्गांतील आपल्या मुलांना अनेकदा सांगितले जाते की भारतीय भिक्षू बोधिधर्माने चीनच्या शाओलिन विहारात युद्धकला नेली. ही दंतकथा उत्तरकालीन आहे. तिचा माग सतराव्या शतकापलीकडे लागत नाही. शाओलिनच्या भिक्षूंची काठीविद्या मात्र ऐतिहासिक आहे. १५५३ साली भिक्षूंनी किनाऱ्यावरील चाच्यांशी लढा दिला आणि सतराव्या शतकाच्या आरंभी चंग त्सुंगयू याने त्या विद्येवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बौद्धांच्या इतिहासात काठी कशी आली हे यावरून कळते. पण आपल्या लाठीला प्रतिष्ठा देण्यासाठी दंतकथेचा आधार घेण्याचे कारण नाही. महाड आणि नागपूर हा आधार पुरेसा आहे.

दीक्षाभूमीवरील काठी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या विस्तीर्ण मैदानावर लाखो लोक जमले. त्या अफाट समुदायाची व्यवस्था राखण्यात समता सैनिक दलाच्या सैनिकांचा मोठा वाटा होता. नागपूर हेच स्थान का निवडले, याचे उत्तर बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात दिले. १९२५ साली याच शहरात स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाला डिवचण्यासाठी हे शहर निवडले, ही शंका त्यांनी खोडून काढली आणि धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा वारसा सांगितला. कोणाविरुद्ध दण्ड उगारण्यासाठी ही दीक्षा नव्हती, हे यातून निःसंदिग्ध होते.

त्या दिवशी बाबासाहेबांच्या स्वतःच्या हातीही काठी होती. आजाराने खचलेले ते शरीर एका हातात काठी आणि दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर, अशा आधाराने व्यासपीठावर आले. विनयाने आजाऱ्याला ज्या काठीची मुभा दिली, ती हीच आधाराची काठी. पूज्य भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून त्यांनी त्रिशरण व पंचशील ग्रहण केले आणि नंतर जनसमुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची व त्यांचा सांभाळ करण्याची प्रतिज्ञा त्यांतलीच एक.

१९४२ चे भाषण आणि १९५६ ची दीक्षा यांत विरोध आहे काय? काही अभ्यासकांना तो दिसतो. आमच्या मते तेथे विरोध नसून विकास आहे. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसा हा आंधळा नियम नसून जीवनाचे तत्त्व आहे, असे प्रतिपादन केले. मारण्याची इच्छा आणि मारण्याची निकड यांत त्यांनी भेद केला. बुद्ध व मार्क्स यांच्या तुलनेत त्यांनी आपले गुरू जॉन ड्युई यांचा दाखला दिला आणि ऊर्जा म्हणून वापरलेले बळ व हिंसा म्हणून वापरलेले बळ वेगळे केले. १९४२ साली शक्तीला शीलाची जोड मागितली होती; १९५६ साली शीलच अग्रस्थानी आले आणि शक्ती त्याच्या सेवेला लागली.

उपसंहार

पालि ग्रंथांत प्राणिहिंसेपासून विरत झालेल्या साधकाला ‘निहितदण्ड’ म्हटले आहे, म्हणजे ज्याने दण्ड खाली ठेवला आहे असा. हा शब्द नीट वाचला पाहिजे. खाली ठेवणे ही कृती आहे आणि ती करावयास दण्ड आधी आपल्या हाती, आपल्या मालकीचा असावा लागतो. घुंगरकाठी आपल्या मालकीची नव्हती. ती गावाची होती. ती टाकून देणे ही मुक्ती होती, अहिंसा नव्हे. दलाची लाठी मात्र आपण स्वेच्छेने हाती घेतली. म्हणूनच ती कोणावर न उगारण्याचे पुण्यही आपलेच.

यावरून दलाच्या शिक्षकांनी व पालकांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे. लाठीच्या वर्गात पंचशील हा केवळ प्रारंभीचा उपचार राहू नये. वार शिकविण्यापूर्वी महाडला वार का रोखला, हे मुलांना सांगितले जावे. तसेच या वर्गांत मुलींना बरोबरीचे स्थान असावे, कारण ज्या दिवशी नागपुरात दलाची परिषद भरली त्याच दिवशी महिलांचीही भरली होती. निर्भय मनुष्यालाच दुसऱ्याला अभय देता येते. आपल्या मुलामुलींना तसे निर्भय करणे हे दलाच्या लाठीचे प्रयोजन आहे, आणि तेवढ्यापुरतीच ती धम्माला मान्य आहे.